पांढरा प्लग

१

आमच्या धंद्यात भुताखेतांना जागा नाही. इंजिन नीट चालत नसेल तर तीनच कारणं असतात: हवा, इंधन, नाहीतर ठिणगी. चौथं कारण सांगणारा मेकॅनिक भेटला असता, तर मी त्याला पंक्चर काढायलासुद्धा ठेवलं नसतं. वीस वर्षं हात काळे केलेत, उगाच नाही बोलत.

आमचं गॅरेज म्हणजे पुढे शटर, मध्ये कामाची जागा आणि प्लायवूडच्या भिंतीपलीकडे मागची खोली. त्या खोलीत माझा दादा झोपून असतो. अकरा महिन्यांपूर्वी एका सकाळी त्याची उजवी बाजू गेली, वाचाही गेली. डावा हात तेवढा चालतो, आणि कान. कान तर पूर्वीपेक्षा तिखट झालेत. मी इकडे एखादी गाडी चालू केली की तो तिकडून बोटांच्या पेरांनी प्लायवूड वाजवतो. एकदा वाजवलं तर हवा जास्त, दोनदा वाजवलं तर पेट्रोल जास्त, तीनदा म्हणजे जमलं. सुरुवातीला मला फार राग यायचा. माणूस अंथरुणाला खिळला तरी थोरला भाऊ तो थोरलाच. पण खरं सांगायचं तर त्याचा अंदाज एकदाही चुकला नाही, आणि ती टकटक ऐकू आली की मला बरं वाटायचं.

त्या रविवारी सकाळी मी ‘रेडा’ काढला. चार फुगीर चाकांची, मोटरसायकलसारख्या हँडलची, दगडधोंड्यांतून चढणारी ही गाडी दादाने दोन भंगार गाड्यांमधून उभी केली होती. सिलेंडर खोलून मोठा केला, मोठा पिस्टन घातला, आतला दाब वाढवायला हेड घट्ट बसवलं. “उद्या कार्बोरेटर चढवू,” म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी पडला. तेव्हापासून रेडा कोपऱ्यात ताडपत्रीखाली होता.

“वन्सं, तेवढं काम उरकून टाका ना,” वहिनी आठवडाभर मागे लागली होती. “ह्यांचा जीव अडकलाय त्यात. तुम्ही गॅरेजात नसतानाही भिंत वाजवत बसतात.”

म्हणून मी जुना अठ्ठावीस मिलिमीटरचा कार्बोरेटर उतरवला आणि नवा, अडतीसचा, चढवला. तिसऱ्या किकला इंजिनाने पकडलं. थोडं तापू दिलं, हँडलची मूठ पूर्ण पिळली, तसंच वरच्या आवाजात असताना बटण दाबून बंद केलं आणि प्लग काढला. मिश्रण तपासायची ही दादाची पद्धत. प्लगचं टोक काळं असेल तर इंधन जास्त, पांढरं असेल तर हवा जास्त, तपकिरी असेल तर पेढे वाटा.

टोक खडूसारखं पांढरं होतं. भिंतीवर एकदाच टकटक झाली.

२

पहिल्या फेरीत पांढरा प्लग येण्यात नवल नाही. कार्बोरेटरच्या पोटात पितळेचा जेट असतो, त्याला मधोमध बारीक भोक. भोक मोठं केलं की इंधन जास्त जातं. मी मोठा जेट घातला, पूर्ण पिळलं, बंद केलं, प्लग काढला. पांढरा. त्याहून मोठा घातला. पांढरा. डब्यातला सगळ्यात मोठा घातला, ज्याने ते इंजिन पेट्रोलमध्ये बुडायला हवं होतं आणि सायलेन्सरमधून काळा धूर यायला हवा होता. प्लग तरीही पांढरा, आणि भिंतीवर पुन्हा एकच टकटक.

“ऐकलं रे बाबा, ऐकलं,” मी ओरडले. “मला पण डोळे आहेत.”

म्हणजे कुठूनतरी चोरटी हवा आत शिरत होती. ती शोधायची साधी युक्ती आहे. इंजिन सावकाश चालू ठेवायचं आणि कार्बोरेटरच्या तोंडावर तळहात घट्ट दाबायचा. हवेचा रस्ता बंद झाला की इंजिन एकदा शिंकतं आणि मरतं. मेलं नाही, तर दुसरीकडे कुठेतरी फट आहे.

मी तळहात ठेवला. अशा वेळी तळव्याला ओढ लागते, कातडी आत खेचली जाते. इथे काहीच ओढ लागली नाही. इंजिन आपलं चालतच राहिलं, आवाजात तसूभर फरक नाही. मी दुसरा तळहात त्यावर दाबला. मनात शंभर आकडे मोजले. त्याला माझ्या हाताशी काही देणंघेणं नव्हतं.

एवढं चालायचं तर फट माझी करंगळी जाईल एवढी मोठी हवी. अशी फट डोळ्यांना दिसते. मी सगळे जोड साबणाच्या पाण्याने भिजवले, एकही बुडबुडा हलला नाही. कार्बोरेटर उतरवला, बसायची जागा काचेवर घासून सपाट केली, नवं गॅस्केट घातलं, नट क्रमाक्रमाने आवळले. इंजिन चालू केलं आणि तळहात ठेवला. ते चालतच राहिलं.

तेव्हा पहिल्यांदा मला त्या गॅरेजात नको वाटलं. भर दुपार होती, शटर अर्धं उघडं होतं, समोरच्या टायरवाल्याकडे दोघं जण हसत होते. तरी नको वाटलं.

३

मी स्वतःला सांगितलं की चूक माझीच आहे. एवढ्या घट्ट हेडला साधं पेट्रोल सोसत नाही, हे दादानेच लिहून ठेवलं होतं. रेड्याला शर्यतीच्या गाड्यांचं स्पिरिट पाजायचं होतं. त्याचे पाच-पाच लिटरचे दोन डबे फळीखाली तसेच होते. स्पिरिट पेट्रोलच्या जवळजवळ दुप्पट लागतं, म्हणून त्याचे वेगळे जेटही त्याने आणून ठेवले होते. मी टाकी रिकामी केली, जेट बदलला, स्पिरिट ओतलं.

स्पिरिटवर इंजिनाचा आवाज मऊ होतो, आणि कार्बोरेटर थंड पडतो. पाच मिनिटांत त्याच्या अंगावर दव धरलं, मग पांढुरकं बर्फ. हे असंच व्हायला हवं. माझा जीव जरा भांड्यात पडला.

मग मी कार्बोरेटरच्या तोंडापाशी वाकले, आत फवारा कसा पडतोय ते बघायला, आणि माझ्या गालावर हवा आली. कार्बोरेटर हवा आत ओढतो, बाहेर सोडत नाही. एखाद वेळी उलटी थुंकी येते, पण ती इंधनाची आणि गार असते. ही हवा उबदार आणि दमट होती. तिला दादाच्या छातीला रोज लावतो त्या बामाचा वास होता.

भिंतीपलीकडे बाम लावला असेल, वास इकडे आला असेल, मी म्हटलं. प्लायवूडला फटी का कमी आहेत? पण मी सरळ उभी राहिले की वास जायचा आणि वाकले की यायचा.

आणखी एक गोष्ट कानाला लागली. इंजिन एका लयीत चालत नव्हतं. आवाज हळूच वर चढायचा, थांबायचा, खाली यायचा, पुन्हा चढायचा. हवा जास्त असली की असं होतं, त्याचंही कारण आहे. मी ते कारण मनाशी तीन वेळा म्हटलं.

“वन्सं,” वहिनी मागच्या दारात येऊन उभी राहिली. हातात दादाच्या पाण्याची वाटी. “जरा आत येता का? ह्यांची छाती बघा.”

४

दादा डोळे उघडे ठेवून पडला होता, छताकडे बघत. पांघरूण छातीवर वर येत होतं, थांबत होतं, खाली जात होतं. दारातून इंजिनाचा आवाज वर चढला तेव्हा पांघरूण वर आलं. आवाज उतरला तेव्हा ते उतरलं.

“कधीपासून?”

“तुम्ही गाडी चालू केलीत तेव्हापासून. बंद केलीत की घुसमटतात, दरवेळी आधीपेक्षा जास्त, चालू केलीत की परत नीट. आधी वाटलं, ठसका असेल.”

“ऐकतोय तो,” मी म्हटलं. “आयुष्य गेलं त्याचं इंजिन ऐकण्यात. लय धरली असेल. आपण नाही का भजन ऐकताना मान हलवत?”

वहिनीने माझा हात धरून दादाच्या छातीवर ठेवला. ती शिकलेली नाही फार, पण मूर्ख मुळीच नाही.

मग मी कुठलाही मेकॅनिक करेल तेच केलं. तपासून बघितलं. वहिनीला दादाच्या उशाशी बसवलं आणि बाहेर येऊन हँडलवरचं लाल बटण दाबलं.

इंजिन थांबलं. गॅरेज एकदम मोठं आणि रिकामं झालं. समोर टायरवाला कुणालातरी हाक मारत होता. मी मोजत होते. अकरा, बारा, तेरा.

“वन्सं!” वहिनीची किंकाळी आली. “वन्सं, नाही घेत आहेत हो! चालू करा! आधी चालू करा!”

पहिली किक हुकली. दुसरीही. तिसरीला किक निसटून नडगीवर बसली. चौथीला इंजिनाने पकडलं, आणि भिंतीपलीकडून असा आवाज आला, विहिरीतून वर आलेला माणूस श्वास घेतो तसा, लांबलचक. मी तिथेच खाली बसले आणि रडले. नडगीतून रक्त येत होतं ते नंतर दिसलं.

थोड्या वेळाने भिंतीवर टकटक झाली. एकदाच.

५

वहिनीने डॉक्टरांना फोन केला. ते परगावी होते, चारपर्यंत पोचतो म्हणाले. रुग्णवाहिका बोलवायची तर दादाला इथून हलवावं लागणार, आणि रेडा काही रुग्णवाहिकेत मावत नाही. हे मी वहिनीला बोलून दाखवलं आणि आम्ही दोघी क्षणभर हसलो. भीतीच्या भरात माणूस कशालाही हसतं.

त्यानंतर मी रेड्याजवळून हलले नाही. जागेवर उभं इंजिन वाऱ्याशिवाय तापतं, म्हणून टेबलफॅन त्याच्या तोंडाशी लावला. टाकी चालू इंजिनावरच भरत राहिले, एका हातात डबा, दुसऱ्या हातात नरसाळं. एक थेंब गरम सायलेन्सरवर पडला असता तर सगळं संपलं असतं, कारण स्पिरिटची आग उजेडात दिसतसुद्धा नाही. लघवीला लागली होती, गेले नाही. टायरवाला डोकावून म्हणाला, “काय ताई, आज दिवसभर रेडा हंबरतोय? करा की जरा बंद, कान गेले आमचे.” मी पाना उगारला तसा तो निघून गेला. मी चांगल्या शेजाऱ्यावर पाना उगारणारी बाई नाही.

शटर दहा पावलांवर होतं. रस्ता उन्हात लख्ख दिसत होता. माणसं कुठेकुठे जात होती, आणि मी एका सिलेंडरच्या इंजिनाला बांधलेली होते. ते किती वेळ चालेल हे मला नेमकं ठाऊक होतं, हीच माझी शिक्षा. तेल पातळ होत होतं. घट्ट हेडचा पिस्टन कधीतरी चिकटणार होता. संध्याकाळपर्यंत, फार तर.

आणि तो आतून एकच ठोका देत होता. हवा जास्त. हवा जास्त. मला ओरडावंसं वाटत होतं की बाबा रे, ती हवा तूच आहेस, कमी कुठून करू?

शेवटी मी हातात बॅटरी घेतली. आत काय चाललंय हे बघितल्याशिवाय मला राहवेना. कार्बोरेटरच्या तोंडात उजेड पाडला आणि डोळा लावला. तिथे काय दिसतं ते मला झोपेत सांगता येईल: हवा अडवणारी, थोडी उचललेली पट्टी, तिच्याखाली फवारा, मागे काळोख.

काळोख नव्हता. पट्टीच्या खालच्या फटीतून, फार लांब आणि लहान, मला छत दिसलं. बंद पंखा. ओलीचा डाग. मग कडेने वहिनीची हनुवटी वाकून आली, तिच्या हातातला ओला रुमाल जवळ, आणखी जवळ आला, आणि सगळं क्षणभर मिटलं, आणि उघडलं.

मी बॅटरी बंद केली. ती पुन्हा लावली नाही.

६

साडेतीनला इंजिन अडखळलं.

टाकी अर्धी भरलेली होती. पंखा चालू होता. मी खाली वाकून बघितलं आणि कपाळावर हात मारून घेतला. कार्बोरेटर नवा, जेट नवा, गॅस्केट नवं, आणि टाकीपासून येणारी रबराची नळी जुनीच. स्पिरिट साध्या रबराला खातं, हे शिकाऊ पोरालाही माहीत असतं. नळी आतून फुगली होती, चिकट झाली होती, तिचे तुकडे सुटून वाटेत बसत होते. सकाळपासून इतकी फट शोधत बसले की हाताशी लोंबणारी नळी मला दिसली नाही.

इंजिनाने उचकी दिली. आत दादाने उचकी दिली.

“वन्सं, ओठ निळे पडताहेत! काहीतरी करा!”

नळी बदलायची तर इंजिन बंद करायला हवं. मी नळी चिमटीत धरून चोळली, दाबली, तिच्यावर पान्याने टकटक मारलं. थोडं स्पिरिट उतरलं, पुन्हा अडकलं. आवाज खाली खाली येत गेला, एकेक ठोका सुटा ऐकू येऊ लागला.

जेट तुंबला की आम्ही तो ओठांत धरून फुंकतो. चांगली सवय नाही, पण सगळे करतात. त्या क्षणी विचार केला असता तर केलं नसतं. मी गुडघ्यांवर बसले, कार्बोरेटरच्या त्या बर्फाळ तोंडाला तोंड लावलं आणि छातीत होती नव्हती तेवढी हवा फुंकली.

त्याने ती घेतली. मला ते ओढणं कळलं, दिवसभर तळहाताला लागली नव्हती ती ओढ. फुंकर संपली तरी ती थांबली नाही. मी डोकं मागे घ्यायला बघितलं, ओठ सुटले नाहीत. मग आपोआप सुटले.

इंजिन चालत होतं. एका लयीत, न चढता, न उतरता. वीस वर्षांत इतकं गोड चालणारं इंजिन मी ऐकलेलं नाही. नळी तुंबलेलीच होती.

७

“वन्सं!” वहिनी हसतेय की रडतेय ते कळत नव्हतं. “उठून बसले! अहो, हे उठून बसले! पाणी मागताहेत, तोंडाने मागताहेत!”

मी ओरडायला तोंड उघडलं. काहीच बाहेर आलं नाही. आनंदाने घसा दाटला असेल म्हणून मी आवंढा गिळला आणि पुन्हा प्रयत्न केला. ओठ हलले. शब्दांच्या मागे हवा नव्हती.

मी छातीवर हात ठेवला. छाती हलत नव्हती. श्वास रोखून धरला की जसं गुदमरतं, तसं काहीच होत नव्हतं. गरगरत नव्हतं. बरं वाटत होतं, उलट. फक्त मी श्वास घेत नव्हते. धक्का बसलाय, मी स्वतःला सांगितलं, एक मिनिटात सुरू होईल. मग हात लांब करून हँडलवरची मूठ किंचित मागे फिरवली. इंजिन दबलं आणि गॅरेज माझ्या डोळ्यांसमोर कडेकडेने काळं पडलं. मी मूठ परत होती तिथे आणली.

मागचं दार उघडलं. दादा उभा आहे. वहिनीच्या खांद्यावर हात टाकून, अकरा महिन्यांत पहिल्यांदा दोन पायांवर, आणि तो हात उजवा आहे. त्याचं तोंड वाकडं राहिलेलं नाही. तो मान तिरकी करून रेड्याचा आवाज ऐकतोय, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आहे. माझ्याही आहे. देवाशपथ, त्याला असं उभं बघून मला आनंदच होतोय.

“चिंगे,” तो म्हणतो. घोगरा आवाज, पण त्याचाच. “जमवलंस की गं. काय सुरेख चालतंय.”

मी मान हलवते. नाही, नाही. मी त्याच्या आणि गाडीच्या मध्ये उभी राहते. तो मला जवळ घेतो, माझं डोकं त्याच्या छातीवर दाबतो, आणि त्या छातीत श्वास भरभरून चाललाय, स्वच्छ, कुठे घरघर नाही. मी त्याचं मनगट दोन्ही हातांनी धरते. तो हसतो. “अगं, रडू नको. झालो ना मी बरा?” वहिनी डोळे पुसतेय, तीही हसतेय. मला कुठेतरी लिहायचंय, कागद फळीवर आहे, फळी त्याच्या पाठीमागे.

माझी बोटं तो एकेक करून सोडवतो, प्रेमाने, मी लहान असताना हातातून पाना काढून घ्यायचा तशी. मला खांद्याला धरून अलगद बाजूला करतो. मग उजवी मूठ हँडलवर ठेवून पूर्ण पिळतो. माझ्या अंगात इतका वारा शिरतो की मी टाचांवर उचलली जाते. सगळं लख्ख दिसतं: टेबलफॅनची पाती, त्याच्या अंगठ्याचं नख, लाल बटण.

“बघू आता,” माझा दादा म्हणतो, “प्लगला काय रंग आलाय.”